एक रूप, अनेक शब्द : बसवनगुडीच्या ‘बुल’च्या निमित्ताने

बंगळूरच्या दक्षिण भागातील बसवनगुडी येथे एकाच प्राण्याची तीन भाषांतील तीन नावे शेजारी शेजारी नांदत आहेत. टेकडीवरील देवालय कन्नडात ‘बसवन गुडि’, म्हणजे बसवाचे देऊळ. त्या देवालयातील पाषाणाच्या नंदीच्या पायाशी उगम पावते अशी ज्या नदीविषयी समजूत आहे, तिचे नाव संस्कृत : वृषभावती. आणि देवालयावरून जाणारा रस्ता इंग्रजी नावाचा : बुल टेंपल रोड. यांतील पहिली दोन नावे वस्तुतः एकाच घराण्यातील होत. संस्कृतातील ‘वृषभ’ कन्नडात रुळता रुळता ‘बसव’ झाला. तिसरे नाव मात्र भाषांतर आहे. आणि ते ज्या इंग्रजी शब्दाच्या आधारे केले गेले, तो दिसतो तसा एकटा शब्द नाही. ‘बुल’ या एकाच वर्णरूपात निरनिराळ्या कुळांतील शब्द राहतात. त्यांची ओळख पटविणे हा केवळ कोशकारांचा छंद नव्हे. कोणता अर्थ भाषांतरात गळाला तर चालेल आणि कोणता गळाला तर कृतीचा प्राणच जाईल, या प्रश्नाचे उत्तर त्या ओळखीत आहे.

प्रथम या स्थळाचा इतिहास थोडक्यात पाहू. देवालय सोळाव्या शतकात केंपेगौडाने बांधविले असे मानतात. एकाच शिळेतून घडविलेला नंदी सुमारे साडेचार मीटर उंच व सहा मीटर लांब आहे. हा नंदी वाढतच चालला होता आणि त्याची वाढ थांबावी म्हणून त्याच्या मस्तकावर त्रिशूळ ठोकण्यात आला, अशी लोककथा आहे. कार्तिकातील अखेरच्या सोमवारी येथे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नडात तिला ‘कडलेकायि परिषे’ म्हणतात. १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि १६८७ पर्यंत भोसल्यांकडे राहिले. बसवनगुडी ही वसाहत मात्र बरीच अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, विशेषतः १८९८ च्या प्लेगनंतर, जुन्या पेठेतील दाटी कमी करण्यासाठी जी उपनगरे वसविली गेली, त्यांत उत्तरेस मल्लेश्वरम् आणि दक्षिणेस बसवनगुडी ही प्रमुख होत. ‘मल्लेश्वर’ हे विशेषनाम असल्याने त्याचे भाषांतर करण्याचा मोह कोणास होण्यासारखा नव्हता. ‘बसव’ विशेषनामही आहे आणि सामान्यनामही. त्या दुसऱ्या अंगाने तो इंग्रजीत उतरला, आणि उतरताना पहिले अंग मागे राहिले.

आता ‘बुल’कडे वळावयाचे. प्राणिवाचक ‘बुल’ हा जर्मानिक कुळातील शब्द आहे. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा सगोत्र ‘बोली’ म्हणून आढळतो, आणि ‘बुलक’ हे जुन्या इंग्रजीतील त्याचेच लघुरूप होय. पोपच्या आज्ञापत्राला म्हणतात तो ‘बुल’ याहून सर्वस्वी वेगळा आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘बुल्ला’, म्हणजे बुडबुडा, आणि त्यावरून कोणतीही वाटोळी, फुगीर वस्तू. पोपच्या महत्त्वाच्या पत्रांना शिशाची वाटोळी मुद्रा लावीत. तिच्या एका बाजूस संत पीटर व संत पॉल यांची मुखे आणि दुसऱ्या बाजूस पोपचे नाव असे. मुद्रेचे नाव पत्राला लाभले. या ‘बुल्ला’चा वंशविस्तार मोठा आहे. ‘बुलेटिन’ त्यातलेच; मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचेच रूप पालटून ‘बिल्ला’ झाले आणि त्यापासून इंग्रजी ‘बिल’ आले. म्हणजे बसवनगुडीच्या गांधी बाजारातील उपाहारगृहात डोसा खाऊन झाल्यावर हाती पडणारे बिल हे पोपच्या आज्ञापत्राचे आप्त आहे. जवळच टेकडीवर बसलेल्या ‘बुल’शी त्याचे कसलेही नाते नाही. शब्दांची सोयरीक कानाने ठरवू लागल्यास कशी फसगत होते, याचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

तिसरा ‘बुल’ म्हणजे हास्यास्पद असंबद्ध विधान. जे बोलताच स्वतःला खोडून काढते असे वाक्य. हा अर्थ सतराव्या शतकात रूढ झाला आणि पुढे त्याला आयरिश लोकांच्या नावाची जोड मिळाली. याचा संबंध कोणी बैलाशी लावला, कोणी पोपच्या पत्राशी. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ च्या आपल्या ग्राम्य शब्दांच्या कोशात तर सातव्या हेन्रीच्या काळी होऊन गेलेला ओबडाया बुल नावाचा एक घोटाळेबाज वकीलच या शब्दाचा जनक ठरविला. शब्दाचे कूळ हाती लागत नाही तेव्हा लोक त्याला बाप मिळवून देतात. ही प्रवृत्ती कोणत्याही एका देशाची नव्हे. मराया एजवर्थ आणि तिचे वडील यांनी १८०२ साली ‘आयरिश बुल्स’ या विषयावर एक निबंधग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची जाहिरात वाचून आयर्लंडमधील कृषिसंस्थेच्या चिटणीसाने, गुरांची अवलाद सुधारण्याच्या कामी उपयोग होईल म्हणून, तो मागविला आणि वाचू लागताच वैतागून फेकून दिला, अशी हकीकत त्या कुटुंबाच्या आठवणींत नमूद आहे. गंमत अशी की, ज्या दोषाची चर्चा त्या ग्रंथात होती, जवळजवळ त्याच जातीचा घोटाळा ग्रंथाच्या नावानेच घडविला.

चौथा अर्थ शेअरबाजारातील. भाव चढतील या अपेक्षेने खरेदी करणाऱ्याला अठराव्या शतकाच्या आरंभापासून लंडनमध्ये ‘बुल’ म्हणू लागले. अस्वल मारण्यापूर्वीच त्याचे कातडे विकणाऱ्याच्या म्हणीवरून भाव पाडू पाहणाऱ्याला ‘बेअर’ हे नाव आधी मिळाले होते. त्याच्या जोडीला हा आला. हा मात्र नवा शब्द नव्हे. तो त्या प्राण्याचेच लाक्षणिक रूप आहे.

या चारांपैकी पहिला आणि चौथा हे एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. दुसरा आणि तिसरा हे त्याच रूपाचे स्वतंत्र शब्द आहेत. ऐतिहासिक पद्धतीने रचलेला इंग्रजी कोश त्यांना निरनिराळ्या नोंदी देतो, तो यामुळेच. या भेदाचा प्रत्यय भाषा बदलताच येतो. गोव्याचे बिशपपद १५३४ साली तिसऱ्या पॉलच्या अशाच आज्ञापत्राने निर्माण झाले. पोर्तुगीजमध्ये त्या पत्राला ‘बुला’ म्हणतात आणि वळूला ‘तौरु’. तेथे दोन शब्द एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. औषधाच्या डबीतील माहितीपत्रकालाही पोर्तुगीजमध्ये ‘बुला’ म्हणतात, आणि ते म्हणताना कोणाच्याही मनात शिंगे उभी राहत नाहीत. घोटाळा केवळ इंग्रजीतून इतिहास वाचणाऱ्यासाठी आहे. मराठी अनुवादकाने येथे ‘पोपचे आज्ञापत्र’ किंवा ‘सनद’ असे लिहिले म्हणजे काहीही हरवत नाही. उलट, इंग्रजीतील एक अपघात मराठी वाचकाच्या वाट्याला येत नाही, हा लाभच आहे.

तथापि या नियमाला एक मोठा अपवाद आहे. १५७० साली पाचव्या पायसने इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला बहिष्कृत करणारे आज्ञापत्र काढले. जॉन फेल्टन याने ते लंडनच्या बिशपच्या प्रासादाच्या दारावर लावले आणि त्यासाठी त्याच वर्षी तो फाशी गेला. थॉमस नॉर्टन याने लागलीच एक पुस्तिका छापली. तिच्या लांबलचक शीर्षकात हा मोठा ‘बुल’, त्याने प्रसवलेली वासरे आणि बिशपच्या दाराशी त्याने फोडलेली डरकाळी, अशी सारी रूपकमाला होती. येथे दोन परके शब्द लेखकाने हेतुपुरस्सर एकत्र बांधले आहेत. अपघाताला त्याने शस्त्र केले आहे, आणि एक मनुष्य नुकताच जिवाला मुकला असताना ते शस्त्र खेळण्यातले नव्हते. ‘सनद’ म्हणणाऱ्या अनुवादकाच्या हाती येथे केवळ वृत्तान्त उरतो, उपहास नाहीसा होतो. मराठीत ‘सनद’ आणि ‘वळू’ यांची गाठ कधीच पडणार नाही; फार तर ‘पोपचा पोळ’ अशा अनुप्रासाने त्या उपहासाची चुणूक दाखविता येईल. श्लेषाचे भाषांतर श्लेषाने होत नसेल, तर त्याचे काम दुसऱ्या कोणत्या अलंकाराकडून करवून घेता येते का, हे पाहणे एवढेच अनुवादकाच्या हाती असते.

रूपसाम्याचा हा प्रकार इंग्रजीचाच विशेष आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठीत ‘नाव’ म्हणजे अभिधान आणि ‘नाव’ म्हणजे होडी. पहिल्याचे मूळ ‘नामन्’, दुसऱ्याचे ‘नौ’. विठ्ठल उभा आहे ती ‘वीट’ आणि संसाराचा येतो तो ‘वीट’ यांतही नाते नाही. पोपच्या ‘बुल’शी तंतोतंत जुळणारे मराठी उदाहरण ‘मोहोर’ हे होय. फारसीतून आलेली ‘मोहोर’ म्हणजे मुद्रा, शिक्का आणि त्यावरून सोन्याचे नाणे. आंब्याला येणारा ‘मोहोर’ हा देशी परंपरेतला. पहिली स्त्रीलिंगी व दुसरा पुल्लिंगी असल्याने व्याकरणाने त्यांच्यात एक कुंपण घातले आहे, एवढेच. मुद्रेचे नाव मुद्रांकित वस्तूला मिळाले आणि त्या नावाच्या शेजारी निसर्गातील एक अगदी निराळी गोष्ट येऊन उभी राहिली, हा प्रकार रोममध्ये घडला तसाच महाराष्ट्रातही घडला.

बसवनगुडीचे नावही या खेळातून सुटलेले नाही. मराठी माणसाच्या कानाला ‘बसव’ हे ‘बसविणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप वाटते, आणि टेकडीवरचा नंदी बसलेलाच आहे! परंतु ‘बसणे’ हे ‘उप’ उपसर्ग लागलेल्या ‘विश्’ धातूपासून आले आणि कन्नड ‘बसव’ ‘वृषभा’पासून. दोन निरनिराळी संस्कृत मुळे सीमेच्या दोन बाजूंनी येऊन एका रूपात भेटली, एवढाच त्याचा अर्थ. ‘गुडि’ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कन्नडात ‘गुडि’ म्हणजे देऊळ, आणि ‘गुडि’ म्हणजे ध्वज किंवा पताकाही. जुन्या कन्नड काव्यात गुडी-तोरणांची वर्णने येतात, तेव्हा मराठी वाचकाला आपल्या गुढ्या-तोरणांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मात्र त्या ओळखीच्या भरात बसवनगुडीला बसवाची पताका समजणे योग्य होणार नाही.

एका शब्दाला अनेक अर्थ असतात, की प्रत्येक अर्थागणिक शब्द वेगळा मानावयाचा, हा प्रश्न भारतीय शब्दशास्त्राला नवा नाही. पतंजलीने ‘महाभाष्या’च्या प्रारंभी शब्द म्हणजे काय या विचारासाठी जे उदाहरण घेतले, ते ‘गौः’ हेच. म्हणजे आपल्या शब्दशास्त्राच्या या महाग्रंथाच्या उंबरठ्यावरही गोवंशच उभा आहे. अमरसिंहाने आपल्या कोशाच्या तिसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दांसाठी ‘नानार्थवर्ग’ स्वतंत्र केला. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात दोन्ही मतांची नोंद घेतली आहे : शब्द एक व अर्थ अनेक असे काही परीक्षक मानतात, तर अर्थ वेगळा तेथे शब्दही वेगळा असे दुसरे मानतात. अर्थाचा निश्चय कशाने होतो, हे सांगताना त्याने संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादी गमके दिली. जेवताना ‘सैंधव’ मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा, हे परंपरेतील ठरीव उदाहरण प्रकरणाचे सामर्थ्य दाखविते.

पण या उदाहरणात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मीठ आणि घोडा हे दोन अर्थ एकमेकांना परके दिसतात, तरी ‘सैंधव’ हा शब्द एकच आहे. दोन्ही वस्तू सिंधुदेशाच्या म्हणून दोहोंना ते नाव मिळाले. प्रसंगाने अर्थ कळतो, आप्तपणा कळत नाही. ‘सैंधवा’तील मीठ-घोडा आणि ‘मोहोर’मधील नाणे-फुलोरा हे वाक्यात सारखेच सुटे होतात, परंतु पहिली जोडी एका घरची आहे आणि दुसरी दोन घरांची. हा भेद दाखविण्याचे साधन एकच, ते म्हणजे शब्दाचा इतिहास.

हे मान्य केले म्हणजे ‘बुल टेंपल’ या भाषांतराची परीक्षा करता येते. त्यात ‘बुल’चे इतर अर्थ डोकावतात, हा त्याचा दोष नव्हे, देवळापुढे उभ्या असलेल्या कोणाही इंग्रजी वाचकाला पोपची मुद्रा आठवणार नाही. उणीव निराळीच आहे. ‘बसव’चे अर्थ आप्त आहेत. शिवाचे वाहन तो बसव. गावोगाव सजवून फिरवितात तो ‘कोले बसव’, म्हणजे मराठीतला नंदीबैल. आणि बाराव्या शतकात बिज्जल कलचुरीच्या राजवटीत होऊन गेलेले महात्मा बसवेश्वर, ज्यांना परंपरा नंदीचा अवतार मानते. पाल्कुरिकी सोमनाथाचे तेलुगू ‘बसवपुराण’ आणि भीमकवीचे १३६९ मधील कन्नड ‘बसवपुराण’ याच श्रद्धेवर उभे आहे. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याशी बसवेश्वरांच्या पूर्वायुष्याचा संबंध जोडला जात असल्याने मराठी वाचकालाही हे नाव दूरचे नाही. टेकडीवरचा नंदी आणि कल्याणचे बसवेश्वर एक नव्हेत. पण ‘बसव’ म्हणताच दोहोंमधील वाट मोकळी राहते. ‘बुल’ म्हणताच ती बंद होते आणि प्राणी तेवढा शिल्लक उरतो.

मराठीतही हे काम वाटते तितके सोपे नाही. ‘बैलाचे देऊळ’ म्हणावे तर मराठीत बैल हा नांगराला किंवा गाडीला जुंपण्याचा, सहसा खच्ची केलेला. नंदीला ते शोभत नाही. ‘वळू’ म्हणावे तर शब्दाला अवलादीचा वास येतो. देवाच्या नावाने मोकळा सोडलेला ‘पोळ’ भावाने जवळचा, पण तो गावभर फिरणारा आणि हा शतकानुशतके एका जागी बसलेला. ‘नंदी’ हाच शब्द नेमका. मात्र त्यात बसवेश्वर येत नाहीत. म्हणून मराठीत ‘बसवाचे देऊळ’ असेच लिहावे आणि ‘बसव’ म्हणजे काय ते एका वाक्यात सांगावे, हे श्रेयस्कर. जे नाव एका प्रदेशाच्या श्रद्धेचे आणि इतिहासाचे सार आहे, त्याचे भाषांतर करण्यापेक्षा त्याचा परिचय करून देणे अधिक प्रामाणिक असते.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या दलाल रस्त्यावर सापडते. तेथील शेअरबाजार १८७५ साली स्थापन झाला. आणि आपल्याकडील बाजारांत इंग्रजी ‘बुल’ आणि ‘बेअर’ यांच्यासाठी ‘तेजीवाले’ आणि ‘मंदीवाले’ हे शब्द रुळले आहेत. एक फारसी ‘तेज’पासून, दुसरा संस्कृत ‘मंद’पासून. प्राण्यांचे रूपक येथे गळले. पण व्यवहाराला आपला स्वतःचा, तितकाच सजीव शब्द मिळाला, म्हणून हानी झाली नाही. पुढे २००८ साली शेअरबाजाराच्या दारात ब्राँझचा वळू उभा राहिला. सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी तो घडविला. त्या शिल्पाविषयी लिहिताना मात्र ‘तेजी’ एवढे म्हणून भागत नाही. तेथे शिंगे रोखलेला प्राणीच डोळ्यांपुढे आणावा लागतो. म्हणजे शब्दाचे अर्थ आप्त आहेत एवढे कळून पुरत नाही. समोरची कृती त्या आप्तपणावर उभी आहे की नाही, हेही पाहावे लागते. तिसऱ्या ‘बुल’ला तर आपल्याकडे शास्त्रशुद्ध प्रतिशब्द तयारच आहे : वदतोव्याघात. त्यासाठी कोणत्याही प्राण्याला कष्ट देण्याचे कारण नाही.

या सर्वांतून अनुवादाविषयी एक विवेक हाती येतो. योगायोगाने एका रूपात आलेले अर्थ सुटले तर सुटू द्यावेत, लेखकाने ते मुद्दाम बांधले असतील तेवढेच जपावेत. रक्ताच्या नात्याने एकत्र आलेले अर्थ मात्र शक्यतो सोडू नयेत. ते सोडले तर एका संस्कृतीची स्मृती तुटते. हा विवेक करावयाचा तर कोश केवळ अर्थांची यादी देणारे असून चालत नाहीत. मोल्सवर्थने १८३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ मधील ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत, आणि पुढे कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ मधील ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’पर्यंत मराठीत हा विचार उत्तरोत्तर रुजत गेला. कन्नडात किट्टेलच्या १८९४ मधील कोशाने त्याचा भक्कम पाया घातला. मराठी आणि कन्नड यांच्यामध्ये अनुवाद करणाऱ्याने हे कोश शेजारी शेजारी ठेवावयास हवेत, कारण या दोन भाषांचे शब्द शतकानुशतके एकमेकांच्या घरात वावरत आले आहेत; त्यांतील सोयरे कोण आणि पाहुणे कोण, हे इंग्रजीच्या मध्यस्थीने कधीच कळणार नाही.

त्याच बुल टेंपल रस्त्यावर डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली स्थापन केलेली, गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव धारण करणारी सार्वजनिक कार्याची संस्था आहे. एका कन्नड मनीषीने एका मराठी पुरुषाचे नाव आदराने आपल्या वसाहतीत आणले आणि ते जसेच्या तसे ठेवले. ‘गोखले’ या नावात ‘गो’ शोधून त्याचे भाषांतर करावे असे कोणास सुचले नाही, हे योग्यच झाले. ‘बसव’ या नावालाही तोच न्याय लागू व्हावा. रस्त्याच्या पाटीवर ‘बुल टेंपल’ राहिले तर त्याने वाट दाखविण्याचे काम भागते. परंतु ग्रंथात आणि अनुवादात त्या देवालयाचे नाव ‘बसवन गुडि’ असेच राहावे.